चाकांवरच्या घराची वीज: वायर, फ्यूज आणि सैल झालेला एक नट

गाडीत राहायला लागून तीनेक महिने झाले असतील. सकाळी पाणी उकळायला किटली लावली आणि पलंगाखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी आधी इन्व्हर्टर हुंगला, मग किटलीचा प्लग. दोन्ही ठीक. शेवटी बॅटरीच्या खोक्याचं झाकण काढलं, तर निगेटिव्ह टर्मिनलवरच्या काळ्या वायरीचं आवरण लगपासून, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीपासून, बोटभर मऊ पडून चकाकत होतं. नटाला पाना लावला, तर तो पाऊण फेरा फिरला. वायर पुरेशी जाड होती, फ्यूज बरोबर मापाचा होता, बॅटरी नवी होती. खराब रस्त्याने फक्त एक नट सैल केला होता.

१२ व्होल्टची बॅटरी कोरड्या हातांना झटका देत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण हिशोब करून बघा. १२०० वॅटची किटली २३० व्होल्टवर पाचेक अँपिअर घेते. तीच किटली इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली की बॅटरीतून १०० अँपिअर निघतात, आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं तर ११०-११५. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल लगपाशी फक्त ५ मिलिओहम अडथळा असला, तरी १०० अँपिअरला तिथे ५० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे तापलेलं सोल्डरिंग आयर्न टर्मिनलला टेकवून ठेवल्यासारखंच. आणि फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. फ्यूजला सैल नट दिसत नाही. म्हणून या लेखात उपकरणांपेक्षा सांध्यांवर जास्त बोलणार आहे.

आधी कागद, मग वायर

दिवसाला किती वीज लागते ते वॅट-तासांत मांडा. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसातला ४० टक्के वेळ चालला, तर साधारण ४३० वॅट-तास. २५ वॅटचा पंखा आठ तास, २००. ६० वॅटचा लॅपटॉप चार तास, २४०. दिवे, फोन आणि पाण्याचा पंप मिळून शंभरेक. बेरीज ९७०, १२ने भागली की ८० अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणून तिथे निदान १६० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ८०-९० टक्के वापरता येते, तिथे १०० भागते. ढगाळ दिवसासाठी वर काही राखून ठेवायचं ते वेगळं.

यात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे इन्व्हर्टरचा रिकामा खर्च. काहीही न जोडता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर १५ वॅट खात असेल, तर दिवसाला ३६० वॅट-तास गेले. जवळपास दुसरा फ्रिजच. लॅपटॉप आणि फोन थेट १२ व्होल्टच्या चार्जरवर चालवा आणि इन्व्हर्टर कामापुरता चालू करा.

रोज इंडक्शनवर शिजवायचं असेल, तर १२ऐवजी २४ व्होल्टचा विचार सुरुवातीलाच करावा. तेवढ्याच लोडला करंट निम्मा होतो आणि त्याच वायरीत उष्णता चौथाई. नंतर बदलायचं म्हटलं की सगळंच उचकटावं लागतं.

वायरीची जाडी

वायर निवडताना दोन प्रश्न असतात: एवढ्या करंटला ती तापेल का, आणि टोकाला व्होल्टेज किती उरेल? दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग फ्रिज बिघडलाय म्हणून दुकानात नेतात.

सूत्र सोपं आहे. वायरीची जाता-येता लांबी मीटरमध्ये घ्या, ०.०१७५ने गुणा, वायरीच्या स्क्वेअर एमएमने भागा. मिळेल तो तिचा ओहममधला अडथळा. त्याला करंटने गुणलं की किती व्होल्ट गळतात ते कळतं. फ्रिज बॅटरीपासून चार मीटरवर आहे, ५ अँपिअर घेतो. जाता-येता आठ मीटर. एकच्या वायरीत ०.७ व्होल्ट गळतात, म्हणजे जवळपास ६ टक्के. अडीचच्या वायरीत ०.२८, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. एकच्या वायरीने आग लागणार नाही, पण बॅटरी जरा उतरली आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला, की फ्रिज कमी व्होल्टेज म्हणून बंद पडेल. फ्रिज आणि पंपाला मी ३ टक्क्यांच्या वर गळती चालवून घेत नाही. दिव्यांना थोडी जास्त चालते.

वायर बारीक तारांची, मल्टीस्ट्रँडच हवी. भिंतीत घालतात ती एकाच जाड तारेची वायर गाडीत नको. सततच्या हादऱ्याने ती आतल्या आत तुटते. पत्र्याला भोक पाडून वायर काढायची तर भोकाच्या काठाला रबरी ग्रोमेट बसवायचंच. उघडा पत्रा म्हणजे हळूहळू चालणारी करवत. नंतर वायर नळीत घालून हातभर अंतराच्या आत क्लिपांनी बांधा. भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघा. गाडीच्या मूळ वायरिंगला, विशेषतः पिवळ्या आवरणातल्या वायरींना, हात लावू नका. त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

सांधा

इथे घाई केली की पुढे वर्षभर निस्तरावं लागतं.

जाड वायरीला लग बसवायचा तर हायड्रॉलिक क्रिंपरच, म्हणजे लग दाबून बसवायचं हत्यारच, वापरा. हातोडीने ठोकून चपटा केलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, आत तारांमध्ये पोकळी राहते. वायर सोलताना एकही तार कापली जाऊ देऊ नका. तारा लगच्या नळीत शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत. मग दाबा, पण दाबलं म्हणजे झालं असं मानू नका, वायर हातात धरून जोर लावून ओढा. निघाली तर आत्ताच निघालेली बरी. वरून आतल्या बाजूने गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवा, म्हणजे ओल शिरत नाही. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कडक भाग जिथे संपतो तिथेच हादऱ्याने वायर मोडते.

आता टर्मिनलवरचा क्रम. बॅटरीच्या टर्मिनलवर थेट लग, त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, त्यावर नट. माझ्या गाडीत ज्याने हे काम केलं होतं, त्याने लग आणि टर्मिनलच्या मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घातला होता. स्टेनलेस स्टीलचा अडथळा तांब्याच्या चाळीसेक पट असतो. सगळे १०० अँपिअर त्या चकतीतून जात होते. दोन-तीन लग एकावर एक येणार असतील, तर सर्वांत जास्त करंटचा सगळ्यात खाली. त्याहून जास्त लग असतील तर बसबार, म्हणजे अनेक लग जोडायची धातूची पट्टी, लावा. टर्मिनलवर लगांची चळत रचू नका.

नट आवळून झाला की नटावरून टर्मिनलपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी झाकण उघडलं की पाना लावायच्या आधीच कळतं: रेघ मोडली असेल तर नट हलला आहे.

सांधा तपासायचा खरा उपाय मल्टिमीटर. मिलिव्होल्टवर ठेवा. मोठं लोड चालू करा. एक टोक बॅटरीच्या खांबावरच टेकवा, बोल्टवर नको. दुसरं टोक लगच्या नळीवर. १०० अँपिअरला २०-३० मिलिव्होल्ट दिसले तर मी सोडून देतो. १०० दिसले तर तिथे १० वॅट जळत आहेत. लोड बंद करायचं, सांधा उघडायचा, घासून परत बसवायचा. असंच फ्यूजच्या दोन्ही बाजू, आयसोलेटर (बॅटरी तोडायचा मुख्य स्विच), बसबार, सगळीकडे. अर्ध्या तासात गाडीतला प्रत्येक दुबळा सांधा सापडतो.

फ्यूज कोणासाठी असतो

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्यामुळे त्याचा आकडा वायरीवरून ठरतो: लोडच्या करंटपेक्षा साधारण सव्वापट, पण वायर जेवढं झेलते त्याच्या आत. दोन्ही अटी जमत नसतील तर वायर जाड घ्यायची, फ्यूज मोठा घालायचा नाही. ‘सारखा उडतो म्हणून जरा मोठा टाकला’ हे वाक्य ऐकलं की मी त्या गाडीत झोपत नाही.

जागाही तितकीच महत्त्वाची. बॅटरी ते फ्यूज एवढा वायरीचा तुकडा पूर्ण उघडा, विनासंरक्षण असतो. म्हणून मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा. गाडीची बॅटरी आणि घराची बॅटरी जोडणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना एकेक फ्यूज लागतो, कारण त्या वायरीत करंट दोन्हीकडून येऊ शकतो. ही चूक मी चांगल्या कारागिरांच्या कामातही पाहिली आहे.

१५०० वॅटच्या इन्व्हर्टरचं उदाहरण घ्या. पूर्ण लोडला १२ व्होल्टवर १४०-१५० अँपिअर. त्याला ५० स्क्वेअर एमएमच्या खालची वायर नको, लांबी दीड मीटरच्या आत, फ्यूज २०० अँपिअरचा. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत याहून जाड वायर सांगितली असेल तर पुस्तिकेचंच ऐका.

लिथियम बॅटरीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. शॉर्ट झाल्यावर ती क्षणात हजारो अँपिअर ओतते. तेवढा करंट तोडताना हलका फ्यूज वितळतो खरा, पण आत ज्वाळ पेटून राहते आणि करंट चालूच राहतो. म्हणून मुख्य फ्यूजवर किती अँपिअर तोडू शकतो हा आकडाही वाचायचा. टी क्लास फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो. मोठ्या लिथियम बॅटरीला तोच लावा. घरातल्या एसी विजेचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, बॅटरीच्या डीसीवर लावून पैसे वाचवू नका. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीत करंट शून्यावर येतच नाही.

मुख्य फ्यूजनंतर लगेच हाताने फिरवायचा आयसोलेटर बसवा. तो पलंगाखाली, सामानामागे नको. दारातून, अंधारात, चाचपडत सापडला पाहिजे.

बॅटरी

काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पॉझिटिव्हला लावलेला पाना पत्र्याला टेकला आणि मध्ये अंगठी आली, तर अंगठी क्षणात लाल होते. याच कारणासाठी बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडायचा आणि जोडताना तो शेवटी लावायचा. निगेटिव्ह सुटलेला असेल तर पाना पत्र्याला लागूनही काही होत नाही. माझ्या पान्याच्या दांड्याला टोकापर्यंत टेप गुंडाळलेली आहे.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. हायड्रोजन हलका, वर जातो. म्हणून बॅटरीच्या खोक्याला वरच्या अंगाने बाहेर उघडणारी नळी हवी. स्वयंपाकाचा एलपीजी गॅस याच्या उलट: जड, खाली साचतो, त्याला तळाशी झरोका लागतो. सिलिंडरच्या कप्प्यात चार्जर, रिले, स्विच, असं ठिणगी पडू शकणारं काहीही ठेवू नका.

चार्ज किती उरलाय हे लेड-अ‍ॅसिडला व्होल्टेजवरून कळतं, मात्र काही तास लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद हवं: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९च्या आसपास जवळपास रिकामी. एलएफपीचं व्होल्टेज बराच काळ १३च्या आसपास रेंगाळतं आणि शेवटी एकदम कोसळतं, त्यामुळे तिथे शंट, म्हणजे जाता-येता करंट मोजणारा तुकडा, असलेला मीटरच लावावा लागतो. शंट लावला की सगळे निगेटिव्ह शंटच्या पलीकडे गेले पाहिजेत. एक जरी वायर थेट बॅटरीवर राहिली, तरी मीटर खोटं सांगतो.

एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. आत लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते. वापरायला थंडीत हरकत नाही. डोंगरात मुक्काम असेल तर कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, आहे का, ते खरेदीआधीच विचारा.

चार्जिंग

अल्टरनेटरवरून, म्हणजे गाडीच्या इंजिनवर फिरणाऱ्या जनरेटरवरून, एलएफपी चार्ज करायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. नुसत्या रिलेने जोडलं, तर रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी एका जागी चालू ठेवून चार्ज करताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असतो, मग तो भाजून निघतो. चार्जर करंट ३० अँपिअर वगैरेवर रोखतो.

सोलरमध्ये दोन गोष्टी. पॅनलवर उजेड असेपर्यंत त्याच्या वायरी जिवंत असतात, म्हणून काम करताना पॅनल जाड कापडाने झाका. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. सोडताना आधी पॅनल. दुसरी गोष्ट थंडीची. पॅनलचं व्होल्टेज गारठ्यात वाढतं, अंशाला साधारण ०.३ टक्के. २२.५ व्होल्टचे दोन पॅनल सिरीजमध्ये ४५ झाले; हा आकडा २५ अंशांवरचा असतो. पहाटे उणे ५ अंशांना तेच ४९ होतात. ५० व्होल्टचा कंट्रोलर त्या सकाळी जळण्याच्या उंबरठ्यावर असतो.

बाहेरून वीज घेताना

आता मात्र झटक्याची बाजू. गाडी रबरी टायरवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. आतल्या एखाद्या उपकरणाची फेज वायर पत्र्याला लागली आणि अर्थिंग नसेल, तर सगळी बॉडी जिवंत होते. आत बसलेल्याला काहीच जाणवत नाही. एक हात दारावर, एक पाय ओल्या गवतावर, असा उतरणारा माणूस वर्तुळ पूर्ण करतो.

म्हणून गाडीच्या बॉडीचं अर्थ वायरीशी जाड जोडकाम, आणि आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच, या दोन गोष्टींत तडजोड नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दोन पोलचा एमसीबी घ्या, कारण अनोळखी सॉकेटमध्ये दोन्ही उलट असू शकतात. जोडताना वायर आधी गाडीला लावा, मग बाहेरच्या सॉकेटला, निघताना उलटं. अशाने हातात जिवंत टोक येत नाही. मी गाडीची किल्ली त्या प्लगलाच अडकवतो. एकदा वायर जोडलेली असतानाच गाडी पुढे घेतली होती, तेव्हापासूनची सवय.

वायर रिळावर असेल तर पूर्ण उलगडा. बऱ्याच रिळांवर दोन आकडे छापलेले असतात, आणि गुंडाळलेल्या वायरीचा आकडा निम्म्याहूनही कमी असतो. उष्णता आतल्या थरांत कोंडते आणि आवरणं एकमेकांत वितळतात.

बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ‘थोडंसंच आहे’ म्हणू नका. बहुतेक वेळा अर्थिंग तुटलेलं असतं आणि चार्जरच्या फिल्टरमधून गळणारा बारीकसा करंट बॉडीवर साचतो. तो करंट स्वतः सहसा मारत नाही, पण अर्थिंग नाही हे सांगतो. बॉडीला पुन्हा हात न लावता बाहेरचा प्लग काढा आणि दुसरं सॉकेट शोधा.

आता इन्व्हर्टरचा सापळा. पुष्कळ लहान इन्व्हर्टरमध्ये आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी फेज बॉडीला लागली तरी करंटला परतीची वाट नसते, आणि आरसीसीबी पडत नाही. आणि टेस्ट बटण दाबलं तर पडतो! कारण ते बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच आतून करंट सोडतं, अर्थ आहे की नाही याच्याशी त्याला घेणं नाही. तेव्हा न्यूट्रल-अर्थ जोड कुठे आहे, हे पुस्तिकेत शोधा. बाहेरची वीज आल्यावर हा जोड सुटलाही पाहिजे. एकत्र इन्व्हर्टर-चार्जरमध्ये आतला रिले ते करतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर यांच्यात चेंजओव्हर स्विच हवा. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर बनवून इन्व्हर्टर सॉकेटमध्ये घालणं म्हणजे उघड्या पिनांवर मेन सप्लाय.

आग

धूर दिसला तर आयसोलेटर फिरवा, बाहेरचा प्लग काढा. विजेच्या छोट्या आगीवर ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचा आग विझवायचा सिलिंडर. तो दाराजवळ टांगा, स्टोव्हच्या मागे नाही. लिथियम बॅटरीतूनच फुस्स आवाजाने धूर निघत असेल तर सिलिंडरला हात लावू नका. बॅटरीतून निघणारा तो वायू विषारीही असतो आणि पेटणाराही. माणसं बाहेर काढा, लांब व्हा, फोन लांबूनच करा.

धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म लावा. दुसऱ्या वायूला रंग नाही, वास नाही. जनरेटर गाडीत किंवा गाडीखाली कधीच चालवू नका, आणि रात्री बॅटरी उतरली म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नका.

राहता राहिला नकाशा. वायरी बसवतानाच एका कागदावर सगळं काढा: कुठून कुठे, किती जाड, कोणता फ्यूज. वायरीच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवा. माझा कागद बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, निगेटिव्ह टर्मिनलशेजारी शिसपेन्सिलीने लिहिलंय: ‘वॉशर वर’.